ऑइल बदलायला गेलो आणि मिस्त्रींनी गाडी तशीच परत पाठवली

सिंहगड रोडला वडगाव बुद्रुकच्या आतल्या बाजूला एक गॅरेज आहे, पत्र्याचं शेड, बोर्डावरची अक्षरं अर्धी उडालेली, एका वेळेला दोनच गाड्या मावतात. नाव टाकत नाही कारण मिस्त्रींनीच सांगितलंय की दादा आहे तेवढंच काम उरकंना, अजून गर्दी नको. पण त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. आणि इंजिन ऑइल नक्की कधी बदलायचं, पाच हजारला की दहा हजारला की वर्षाला, हा जो प्रत्येक गाडीवाल्याच्या डोक्यात घोळ असतो तो माझा तिथेच सुटला, त्यामुळे दोन्ही एकत्रच सांगतो.

घरात दोन गाड्या आहेत. माझी २०१९ ची डिझायर पेट्रोल आणि बाबांची २०१२ ची वॅगन आर. मी शेतीच्या पंपांच्या सेल्सला आहे, आठवड्यातून दोन-तीन दिवस सातारा, कराड, मधूनच कोल्हापूर, त्यामुळे माझी गाडी सहा महिन्यात दहा हजार किलोमीटर सहज पळते आणि त्यातलं बरंचसं हायवेला. बाबांची गाडी म्हणजे भाजी, बँक, दवाखाना, आत्याकडे माणिकबागेत, बास. दोन किलोमीटर जाऊन बंद, परत दोन किलोमीटर येऊन बंद, वर्षाला दोन-अडीच हजाराच्या वर मीटर जात नाही.

वॉरंटी संपेपर्यंत मी इमानदारीत कंपनीच्याच एका सर्व्हिस सेंटरला जात होतो (कुठल्या ते सोडा). तिथे काचेवर छोटा स्टिकर लावतात, पुढची सर्व्हिस इतक्या किलोमीटरला. माझ्या स्टिकरवर नेहमी पाच हजार पुढचा आकडा असायचा. मॅन्युअलमध्ये मात्र १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं स्पष्ट लिहिलंय. विचारलं तर सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणायचा सर पुण्याचं ट्रॅफिक बघता पाच हजारलाच केलेलं बरं, आणि मग जॉब कार्डवर हळूहळू एकेक ओळ वाढायची, इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन ड्रेसिंग, एसीचा कसलातरी फवारा. शेवटच्या वेळेला एस्टिमेट ९,८०० रुपये झालं होतं आणि त्यात ऑइल आणि फिल्टरचे मिळून दोन हजाराच्या आसपास होते. मी माझी गाडी कुठे चालते हे तिथे एकदाही कोणी विचारलं नाही, ह्याचं मला आज जास्त वाईट वाटतं.

तर वॉरंटी संपल्यावर ऑफिसमधल्या एकाने ह्या मिस्त्रींकडे पाठवलं. स्टिकरप्रमाणे ५,१०० झाले होते म्हणून ऑइल बदलायला गेलो. मिस्त्री मूळचे फलटणकडचे, वय पन्नाशीच्या पुढे, बोलणं कमी. त्यांनी गाडी सपाट जागेवर घ्यायला लावली, पाच-दहा मिनिटं इंजिन बंद ठेवलं, मग गेज (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) काढला, पुसला, परत घालून काढला, लेव्हल बघितली, नाकाजवळ नेऊन वास घेतला. मग विचारलं, "गाडी कुठं पळती तुमची?" मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, "मग कशाला बदलताय आत्ता? लेव्हल हाय, पेट्रोलचा वास न्हाई, हायवेची गाडी हाय. कंपनीनं दहा हजार लिवलंय ना, मग दहावर या. मधनं महिन्याला गेज तेवढा बघत जावा."

पैसे विचारले तर हात हलवला. मी तीन लिटरचं गिऱ्हाईक दारात उभं होतो आणि त्यांनी मला घरी पाठवलं. माझ्या पंधरा वर्षांच्या गाडी चालवण्यात असं पहिल्यांदा झालं.

पण खरी गंमत पुढच्या आठवड्यात कळली. बाबांची वॅगन आर टायर बदलायला त्याच बाजूला नेली होती, म्हणलं जाता जाता हवा-पाणी तपासून घेऊ. माझ्या मनात तर पक्कं होतं की हिचं ऑइल अजून वर्षभर तरी चालेल, शेवटचं बदलल्यापासून गाडी फक्त २,९०० किलोमीटर चाललेली. मिस्त्रींनी ऑइल भरायचं टोपण उघडलं आणि न बोलता माझ्यासमोर धरलं. टोपणाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरी साय जमलेली, दुधावर येते तशी घट्ट. मी घाबरलोच, कारण मी कुठेतरी वाचलं होतं की असं दिसलं की हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलं, कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी ऑइलमध्ये मिसळतंय, इंजिन खोलायला लागणार. त्यांनी आधी कूलंटची टाकी बघितली, लेव्हल बरोबर होती, त्यात ऑइलचा तवंग नव्हता, गेजवरचं ऑइल चहासारखं झालेलं नव्हतं, काळंच होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूरही नाही. मग बाबांना विचारलं, "काका, गाडी एका दमात किती चालवता?" बाबा म्हणाले जास्तीत जास्त तीन किलोमीटर. "मग त्येच हाय. इंजिन तापतच न्हाई ना तुमचं."

हे मला नीट समजून घ्यायचं होतं म्हणून घरी येऊन वाचलं, आणि इथे सांगतो कारण आपल्याकडे रिटायर झालेल्या हजारो लोकांच्या गाड्या अशाच चालतात. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरतं, त्याच्याबरोबर थोडं न जळलेलं पेट्रोलही. इंजिन पूर्ण तापलं, म्हणजे काट्यावरचं पाणी तापलं एवढंच नाही तर आतलं ऑइलही तापलं, की हे पाणी आणि पेट्रोल उडून जातं. पण ऑइल तापायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, पंधरा-वीस मिनिटं तरी गाडी चालावी लागते. बाबांची गाडी सहाव्या मिनिटाला बंद. म्हणजे ते पाणी आतच थंड होऊन बसतं, ऑइलबरोबर घुसळलं जातं आणि त्याची साय होते. किलोमीटर होत नाहीत पण ऑइल खराब होत राहतं. त्या २,९०० किलोमीटरला एकोणीस महिने झाले होते आणि आम्ही सगळे किलोमीटर बघत बसलो, मॅन्युअलमधलं "किंवा एक वर्ष" कोणी वाचलंच नाही.

दुसरी गोष्ट मिस्त्रींनी ट्रॅक्टरवरून सांगितली आणि ती तर माझ्या धंद्यातलीच असून माझ्या डोक्यात आली नव्हती. ट्रॅक्टरला किलोमीटर कोण बघतं? तिथे तासाचं मीटर असतं, बऱ्याच ट्रॅक्टरना अडीचशे तासाला ऑइल बदलायचं असतं. जनरेटरचंही तसंच, तो तर जागचा हलत नाही. मग गाडीचा हिशोब तासात लावून बघा. माझी गाडी हायवेला सरासरी साठच्या स्पीडने धरली तर १०,००० किलोमीटरला इंजिन साधारण १६७ तास चाललं. आता जो माणूस रोज धायरीवरून स्वारगेटला त्या गर्दीत जातो येतो, त्याची सरासरी पंधराची धरा, त्याच्या ५,००० किलोमीटरला ३३३ तास होतात. किलोमीटर माझ्या निम्मे आणि इंजिन दुप्पट चाललेलं! सिग्नलला उभं राहून एसी चालू ठेवला की मीटर थांबलेलं असतं, इंजिन थांबलेलं नसतं. त्यामुळे सर्व्हिस सेंटरवाला म्हणत होता ते पाच हजार चुकीचं नव्हतं, ते त्या धायरीवाल्या माणसासाठी बरोबर होतं. कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येही खडतर वापराचा वेगळा तक्ता असतो, थोडं थोडं अंतर, धूळ, सतत थांबत चालणं, अशा वापराला ऑइल लवकर बदला म्हणून, पण तो तक्ता मागच्या पानांवर असतो आणि आपण पुढचा वाचून मॅन्युअल डॅशबोर्डच्या खणात टाकतो. माझ्या हायवेच्या गाडीला तो लागू नव्हता आणि बाबांच्या गाडीला पूर्णपणे लागू होता, आणि आमच्याकडे नेमकं उलटं चाललं होतं. जी गाडी धडधाकट होती तिचं ऑइल वर्षातून चार वेळा बदललं जात होतं आणि जिला गरज होती तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

आता काम कसं करतात ते. वॅगन आरचं ऑइल त्याच दिवशी बदलायला सांगितलं. आधी गाडी एक चक्कर मारून गरम करून आणली, कारण गरम ऑइल पातळ होऊन गाळासकट खाली येतं. लिफ्ट नाहीये, जमिनीत खड्डा आहे, त्याच्यावर गाडी. खालचा ड्रेन बोल्ट काढून वीस मिनिटं ऑइल निथळत ठेवलं, शेवटी थेंब थेंब येईपर्यंत. मी ह्याच्याआधी बरेच ठिकाणी बघितलंय, धार बारीक झाली की बोल्ट लावून मोकळे होतात. मग फिल्टर काढला आणि इथे मला जरा धक्का बसला. मागच्या बिलावर, दुसऱ्या एका ठिकाणचं, ऑइल फिल्टरचे पैसे लावलेले होते आणि जो फिल्टर निघाला तो गंजलेला, वरची अक्षरं पुसलेली, एकोणीस महिन्यांचा नक्कीच नव्हता. नवीन ऑइल घालून जुना फिल्टर ठेवायचा म्हणजे आंघोळ करून तेच मळके कपडे घालायचे. तेव्हापासून मी जुना फिल्टर हातात मागून घेतो, सगळ्यांनी मागा, कोणी नाही म्हणू शकत नाही.

नवीन फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावून हाताने घट्ट केला, पान्याने आवळला नाही. ड्रेन बोल्टचा वायसर नवीन टाकला, वीस रुपयाची वस्तू आहे पण जुनाच चपटा वायसर परत लावला की महिन्याभरात पार्किंगमध्ये डाग दिसायला लागतो. मग ऑइल. माझ्यासमोर सील तोडलं. वॅगन आरला ५डब्ल्यू-३०, कारण मॅन्युअलमध्ये तेच. मी विचारलं की जुनी गाडी आहे, जरा जाड घालू का, आमच्या सोसायटीत एकाने २०डब्ल्यू-५० घालायला सांगितलं होतं. म्हणाले अजिबात नको, ह्या इंजिनातल्या ऑइलच्या वाटा बारीक, सकाळी थंड इंजिनला जाड ऑइल वर पोचायलाच वेळ लागतो आणि इंजिन तेवढ्या वेळात घासतं. तो पहिला आकडा आणि डब्ल्यू म्हणजे थंडीतला पातळपणा आणि दुसरा आकडा इंजिन गरम झाल्यावरचा, एवढं कळलं तरी दुकानात कोणी फसवत नाही. डब्यावर एपीआय एसपी हा ऑइलच्या दर्जाचा शिक्का बघून घ्या, तो २०२० चा ग्रेड आहे आणि जुन्या पेट्रोल गाड्यांनाही चालतो.

एकदम सगळं न ओतता आधी थोडं कमी घातलं, इंजिन चालू करून फिल्टरपाशी आणि बोल्टपाशी गळती बघितली, बंद करून थांबले, मग गेज बघून वरच्या खुणेच्या किंचित खाली आणून ठेवलं. आणि रिकामा डबा माझ्यासमोर पत्र्याच्या कात्रीने कापला. का तर रिकामे डबे भंगारवाल्याकडून दुसरीकडे जातात आणि त्यात भलतंच ऑइल भरून परत विकलं जातं. एवढा विचार मी कुठल्या एसी लाऊंजवाल्या ठिकाणी बघितलेला नाही.

जळकं ऑइल गटारात सोडत नाहीत हेही मुद्दाम सांगतो. मागे पिंप ठेवलंय, रिसायकलिंगची गाडी येऊन घेऊन जाते. सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला मागायला येतात, गावाकडे लाकडाला वाळवी लागू नये म्हणूनही लावतात, पण मिस्त्री आता कोणाला देत नाहीत. म्हणतात ते शेवटी पावसाने जमिनीतच जातं.

वॅगन आरचं बिल ऑइल, फिल्टर, वायसर, मजुरी सगळं धरून २,१५० झालं. मजुरी त्यातली तीनशे. तुम्ही स्वतः नाना पेठेतून ऑइल आणलं तरी तोंड वाकडं करत नाहीत, फक्त बिल दाखवा म्हणतात.

त्रुटी पण सांगायला हव्यात. बिल कच्चं, वहीच्या कागदावर, त्यामुळे गाडी वॉरंटीत असेल तर इथे अजिबात येऊ नका, सर्व्हिस हिस्ट्री नसेल तर क्लेमच्या वेळी कंपनी हात वर करू शकते, वॉरंटी संपेपर्यंत सर्व्हिस सेंटरच बरं, फक्त तिथे तक्त्याबाहेरच्या ओळींना नाही म्हणायला शिका. फोन उचलत नाहीत, हात ऑइलचे असतात. बसायला एक बाकडं. गल्ली एवढी अरुंद की समोरून टेम्पो आला की रिव्हर्स घ्यायला लागतो. नव्या बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेल गाड्या घेत नाहीत कारण गाडीचा कॉम्प्युटर वाचायचा स्कॅनर नाही, आणि ते स्वतःहून सांगतात, हे मला उलट आवडलं. माझ्या मित्राची तशी डिझेल आहे, शहरातच चालते, तिच्यात सायलेन्सरमधला काजळी पकडणारा फिल्टर साफ होताना जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरून गेजवरची लेव्हल चक्क वाढत होती. त्याला वाटलं ऑइल कमी होत नाहीये म्हणजे गाडी भारी. मिस्त्रींनी गेज बघूनच सांगितलं की वरच्या खुणेच्या वर गेलेली लेव्हल ही कमी लेव्हलइतकीच वाईट, सरळ कंपनीत ने.

रंगाबद्दल पण लोक फार गोंधळतात. ऑइल काळं झालं म्हणजे संपलं असं नाही, त्यात इंजिनची काजळी धुवून धरून ठेवायची औषधं असतात, ती काम करतायत म्हणून ते काळं होतं. डिझेलमध्ये तर बदलल्यावर थोड्याच दिवसात काळं होतं. आणि डॅशबोर्डवरचा तो लाल किटलीसारखा दिवा, तो ऑइल जुनं झालं हे सांगत नाही, तो प्रेशर गेलं हे सांगतो. तो लागला की बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, "जरा पुढच्या पंपापर्यंत" असलं काही नाही. माझ्या कराडच्या मामांनी दोन वर्षं ऑइल बदललंच नाही, कमी झालं की वरून टाकायचे, गाडी पळतीये ना मग झालं. आधी टॅपेट (इंजिनमधले व्हॉल्व्ह हलवणारा भाग) वाजायला लागलं, मग एक दिवस उंब्रजच्या अलीकडे तो दिवा लागला, मामा तसेच चालवत राहिले आणि इंजिन जाम. खोललं तेव्हा आत डांबरासारखा गाळ होता. ४५,००० रुपये गेले. मी तिथे उभा होतो, मामांचा चेहरा अजून आठवतो. तीन लिटर ऑइलची गोष्ट होती हो.

ठरवून टाकलंय आता. डिझायर १०,००० ला, हायवे कमी झाला आणि शहरात जास्त फिरली तर त्याच्या आधी. वॅगन आर किलोमीटर काहीही होवोत, सहा महिन्याला. मिस्त्री स्टिकर लावत नाहीत, बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटने तारीख आणि किलोमीटर लिहितात, हाताने, आणि त्याच्या खाली पुढची तारीख.

जायचं असेल तर सकाळी साडेनऊच्या आत जा, नाहीतर दुपारपर्यंत नंबर लागत नाही. गुरुवारी बंद. बाबांना त्यांनी एक औषध सांगितलंय, आठवड्यातून एकदा तरी गाडी एका दमात तीस-चाळीस किलोमीटर चालवा, तापू द्या तिला. त्यामुळे बाबा आता दर गुरुवारी आईला घेऊन नारायणपूरला दत्ताला जातात, सातारा रोडने, निवांत. परवा मी टोपण काढून बघितलं. साय नाहीये.